स्टार्मर, ओटीपी आणि थ्री-फेज

जुन्नर तालुक्यातल्या निमगाव साव्यात आमच्या घरी ब्रिटनच्या राजकारणाची चर्चा सुरू झाली ती लाडकी बहीण योजनेमुळे. काकूंचं आधार जोडलेलं होतं बापूच्या जुन्या सिमला. बापू, म्हणजे काकूंचा मुलगा, माझा चुलतभाऊ, नोकरीसाठी इंग्लंडमधल्या रीडिंगला गेला आणि इथून चटणी, गोडा मसाला आणि ते सिम घेऊन गेला. सरकारने ई-केवायसी काढली, 31 डिसेंबर 2025 पर्यंत करा म्हणाले, तेव्हा शोध लागला की काकू निमगावात असल्या तरी त्यांचा ओटीपी रीडिंगमध्ये राहतो. नवऱ्याचंही, म्हणजे आबांचंही, आधार लागतं, आणि तेही त्याच सिमला. थोडक्यात, अख्ख्या घराची ओळख परदेशी स्थायिक झाली होती.

मग रात्री नऊला व्हिडिओ कॉल. आपल्याकडे नऊ, तिकडे दुपारचे साडेतीन. बापू ऑफिसात मीटिंगला बसल्यासारखा चेहरा करून बसायचा आणि आम्ही ओटीपीची वाट बघायचो. आधी सिम सापडेना, सापडलं तर रिचार्ज नव्हता, रिचार्ज झाला तर मेसेज निवांत यायचा. या वाट बघण्यात माणसं काय बोलणार? कांद्याच्या दहा किलोच्या भावाने सुरुवात व्हायची आणि गाडी स्टार्मरसाहेबांवर यायची.

आबांनी विकास सोसायटीच्या निवडणुका लढवल्यात, लढवून घेतल्यात आणि एकदा पाडल्याही आहेत. त्यामुळे ‘तिकडं कुणाची हवा हाये?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. बापूने सांगितलं, 4 जुलै 2024 ला स्टार्मरसाहेबांचा लेबर पक्ष सत्तेवर आला, साडेसहाशेपैकी चारशे अकरा जागा घेऊन.

‘मतं किती?’

‘पावणेचौतीस टक्के धरा.’

आबा गप्प झाले. मग म्हणाले, ‘आरं, दहावीला पास व्हायला पस्तीस लागत्यात!’

त्या दिवसापासून आमच्या घरात स्टार्मरसाहेब ग्रेस मार्कांवर पास झालेले पंतप्रधान म्हणून ओळखले जातात.

त्यांच्या आधीचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्याबद्दल मात्र आबांना हळहळ होती. आपला जावई म्हणून नव्हे (नारायण मूर्ती बेंगळुरूचे, जावई गेला तर त्यांचा गेला), तर त्यांना सल्ला देणारं कुणी नव्हतं म्हणून. 22 मे 2024 ला सुनकांनी दारात उभं राहून निवडणूक जाहीर केली आणि धो धो पाऊस आला. छत्री नाही, काही नाही. सूट अंगाला चिकटलेला आणि रस्त्यावरून कुणीतरी जोरात विरोधी पक्षाचं जुनं प्रचारगीत लावलेलं. बापूने मोबाइलवर दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, ‘बावीस मे? आरं, रोहिणी लागायला तीन दिवस. पंचांग बघणारा एक माणूस नव्हता का त्याच्याकडं?’

मी आठवण करून दिली, की पावसात भिजून निवडणूक जिंकताही येते. 18 ऑक्टोबर 2019, सातारा. शरद पवार भर पावसात बोलत राहिले आणि पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले, श्रीनिवास पाटील निवडून आले.

‘पवारसाहेब भिजले तेव्हा समोर माणसं भिजत होती,’ आबा म्हणाले. ‘ह्याच्यासमोर कोण होतं?’

‘पत्रकार.’

‘आन त्यांच्याकडं छत्र्या आसतील.’

सुनकांच्या हुजूर पक्षाला एकशे एकवीस जागा मिळाल्या, त्यांच्या इतिहासात सर्वांत कमी. यावर लंडनच्या वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली. आबांचा छत्रीचा मुद्दा त्यांच्याकडून राहून गेला.

काकू एवढा वेळ शेंगा फोडत ऐकायच्या. राजकारण हा पुरुषांनी वेळ घालवायचा विषय आहे असं त्यांचं मत. त्या फक्त ‘योजना काय हाये तिकडं?’ एवढंच विचारायच्या. आणि खरी गोष्ट तिथेच होती.

बापू सांगू लागला. तिकडे म्हाताऱ्या माणसांना थंडीत घर गरम ठेवायला सरकार पैसे देतं. ऐंशीच्या आतल्यांना दोनशे पौंड, पुढच्यांना तीनशे. स्टार्मर निवडून आले आणि महिना व्हायच्या आत त्यांच्या अर्थमंत्रीबाईंनी, रेचल रीव्ह्ज यांनी, जाहीर केलं की आता फक्त गरिबांना मिळणार. सुमारे एक कोटी म्हाताऱ्यांचे पैसे बंद!

काकूंचा हात शेंगेवर थांबला.

‘अर्थमंत्री बाई हाये?’

‘हो.’

‘आन तिनं म्हाताऱ्यांचं थंडीतलं काढलं? निवडून आल्या आल्या?’

‘तिजोरीत खड्डा होता म्हणे.’

‘खड्डा कुठं नाय? पर पैसं देऊन झाल्यावर खड्डा दाखवायचा नसतो.’

पुढे काय झालं असेल हे त्यांनीच सांगितलं: ‘परत दिलं आसंल.’ दिलं होतं. जून 2025 मध्ये सरकार फिरलं. वर्षाला पस्तीस हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्यांना पुन्हा चालू. मधल्या काळात पैसे थोडे वाचले, म्हातारे सगळे दुखावले. ऑक्सफर्डला शिकलेल्या बाईंना जे कळायला जवळपास वर्ष लागलं, ते काकूंना अर्धा शेर शेंगा सोलायच्या आत कळलं होतं. अर्थात काकूंचा अनुभव दांडगा. लाडक्या बहिणीला एकवीसशेचा शब्द होता, पंधराशे येतात, आणि आता तेही ‘तुम्ही तुम्हीच आहात का’ हे सिद्ध केल्यावर.

योजनेच्या नियमांच्या बाबतीतही आमचं घर तयार आहे. चारचाकी असेल तर लाभ नाही, पण ट्रॅक्टर चालतो. म्हणून आबा ट्रॅक्टरवरच बेल्ह्याच्या बाजाराला जातात आणि त्याला साधी राहणी म्हणतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि बिनलग्नाची मुलं. बापूचं लग्न झालेलं असल्याने त्याचे पौंड काकूंच्या उत्पन्नात धरले जात नाहीत. ‘बरं झालं वेळेवर उरकलं,’ असं काकू म्हणाल्या तेव्हा पडद्यावर मागून जाणारी त्यांची सून क्षणभर थबकली.

सगळ्यात रंगली ती तिसऱ्या पोराची रात्र. ब्रिटनमध्ये 2017 पासून नियम होता, की मुलांसाठीची काही सरकारी मदत पहिल्या दोन मुलांपुरतीच. लेबरचं सरकार आल्यावर हा नियम रद्द करा म्हणून त्यांच्याच सात खासदारांनी सरकारच्या विरोधात मत दिलं, तर स्टार्मरसाहेबांनी त्या सातांना पक्षाच्या संसदीय गटातून निलंबित केलं. आणि नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात नियम रद्द करून टाकला, एप्रिल 2026 पासून.

‘म्हंजे सात जण बरोबर होते?’ आबांनी विचारलं.

‘हो.’

‘मग चूक काय त्यांची?’

‘लवकर बरोबर होते.’

हे आबांना लगेच पटलं. महाराष्ट्रात पक्षातून जाण्याचं हे जुनं कारण आहे.

पण तिसरं पोर म्हटल्यावर ओट्यावर बसलेल्या एका शेजाऱ्यांनी सुस्कारा सोडला. आपल्याकडे 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. यांचं तिसरं 2003 चं. पॅनेल तयार, खर्चाची तयारी, घोषणा ठरलेल्या. आणि पाळणा हलला. तिकडे तिसऱ्या पोराचे पैसे जायचे, इकडे बापाची खुर्ची जाते. ते पोर आता बावीस वर्षांचं आहे, नोकरी शोधतंय, आणि बाप अजून त्याच्याकडे अविश्वास ठरावासारखं बघतो.

‘इंग्लंडात झालं आसतं तर बरं झालं आसतं,’ ते म्हणाले.

मग आबांनी तो प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. ‘बापू, तुला काय मिळतं?’

‘काही नाही. व्हिसाची अटच असते, सरकारी मदत मागायची नाही. उलट दवाखान्यासाठी व्हिसाच्या वेळीच वर्षाचे हजारावर पौंड आगाऊ घेतात.’

‘आन मत?’

‘मत देता येतं.’

हे खरं आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. पण आमच्या ओटीवर शांतता पसरली. मत आहे आणि योजना नाही? गावात असा मतदार कुणी पाहिला नव्हता. पाकीट नाही, गाडी नाही, वडापावसुद्धा नाही. काकूंनी अतिशय हळू आवाजात विचारलं, ‘मग देतोस कशाला रं?’

बापूने जबाबदारी, लोकशाही असं काहीतरी सांगितलं. तेवढ्यात सुदैवाने ओटीपी आला. काकूंचा झाला, आबांचाही झाला. खरं म्हणजे त्यानंतर कॉलची गरज नव्हती, पण सवय लागली होती.

पुढची निवडणूक कोण जिंकणार? पाहण्यांमध्ये नायजेल फराज पुढे आहेत असं बापू तेव्हा म्हणाला. हे गृहस्थ आधी हुजूर पक्षात होते, मग युकिप, मग ब्रेक्झिट पार्टी, आता रिफॉर्म. सात वेळा पडून आठव्यांदा खासदार झाले. इंग्रजांना हे फार विचित्र वाटतं. जुन्नरकरांना वाटत नाही. आमचे आमदार शरद सोनवणे 2014 ला मनसेकडून निवडून आले, 2019 ला शिवसेनेकडून लढले, 2024 ला अपक्ष म्हणून जिंकले. रिफॉर्मने 2025 मध्ये रंकॉर्नची पोटनिवडणूक सहा मतांनी जिंकली, याचं बापूला कौतुक. आबांनी शेजारचा आंबेगाव पुढे केला: विधानसभेला वळसे पाटील 1,523 मतांनी वाचले आणि विरोधी उमेदवाराच्या नावाच्याच दुसऱ्या एका निकमांनी त्याहून जास्त मतं खाल्ली. ‘फराजला म्हणावं, आधी आपल्या नावाचा दुसरा कोण हाये का ते बघ.’

शेवटी बापूने हुकमी पान काढलं. सुनकांच्या विरोधात एक उमेदवार डोक्यावर कचऱ्याचा डबा घालून उभा होता, काउंट बिनफेस नावाचा. निकालाच्या रात्री पंतप्रधानांच्या मागे तो डबा घालून मंचावर उभा. असं आहे का तुमच्याकडे?

आबा हसले. त्याच आठवड्यात सोनवणे बिबट्याच्या हल्ल्यांकडे लक्ष वेधायला बिबट्याचा पोशाख घालून नागपूरच्या अधिवेशनाला गेले होते.

‘तुमचा डबा निवडून आला का?’

‘नाही.’

‘आमचा बिबट्या सभागृहात हाये,’ आबा म्हणाले आणि बॅटरी घेऊन उठले, कारण तेवढ्यात थ्री-फेज वीज आली होती आणि उसाला पाणी द्यायला जायचं होतं. काकूंनी बजावलं, एकट्याने जायचं नाही, मोठ्याने बोलत जा. शेजारी बरोबर निघाले. बांधावरून दोघांचा आवाज बराच वेळ येत होता. लेबरचं काय चुकलं, हे आबा बिबट्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगत होते.