बारा दिवसांचा पोलंडतज्ज्ञ

बारा दिवस पोझनानला राहून आलो आणि चिंचवडच्या आमच्या सोसायटीत मी पोलंड या विषयावरचा अधिकारी पुरुष झालो. बारापैकी नऊ दिवस एका प्रेसशेजारी उभं राहून पत्र्याला सुरकुती का पडते हे बघण्यात गेले, हे मी कुणाला सांगितलं नाही. रविवारच्या कट्ट्यावर विषय पाणीकपातीचा असो की मोशीच्या ट्रॅफिकचा, ‘आमच्या पोलंडमध्ये’ अशी सुरुवात करून मी तो झुरेकपर्यंत आणत असे. झुरेक म्हणजे राईचं पीठ पाण्यात चार-पाच दिवस आंबवून केलेलं आंबट सूप, त्यात सॉसेज आणि उकडलेलं अंडं. थोडक्यात आंबीलच. पण घरची आंबील मी गेल्या वीस वर्षांत प्यायलेली नाही, आणि तिथे मात्र प्रत्येक वाडग्याचा फोटो काढला.

पोझनानचा माणूस बटाट्याला ‘पिरा’ म्हणतो. उरलेला पोलंड दुसरंच काही म्हणतो आणि याच शब्दावरून पोझनानकरांची टिंगल करतो. उकडलेले बटाटे आणि वर कांदा घातलेलं चक्क्यासारखं दाणेदार ताजं चीज, हे त्यांचं खास जेवण. मला एकदम चाकण आठवलं. कांदा-बटाट्याचा बाजार हीच ज्याची ओळख, त्या गावाभोवती गाड्यांचे कारखाने येऊन बसले. तिकडेही बटाटा आणि बॉनेट शेजारी-शेजारी. हा विचार मी तिथल्या सुपरवायझरला मोडक्या इंग्रजीत ऐकवला. त्याने मला आणखी एक बटाटा वाढला.

पण माझा जीव जडला तो रोगालवर. ११ नोव्हेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन आणि संत मार्टिनचाही दिवस. त्या दिवशी अख्खं पोझनान नालेच्या आकाराचा हा गोड पाव खातं. आत पांढरी खसखस, सुकामेवा, संत्र्याची पाकवलेली साल. संताच्या घोड्याची नाल निखळली, त्यावरून हा आकार आला म्हणे. इथवर ठीक. पण २००८ पासून या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे, आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय बेकरीला ते नाव वापरता येत नाही, हे कळलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाला दुसरं काय हवं? वजन दीडशे ते अडीचशे ग्रॅम. म्हणजे टॉलरन्स! आमच्याकडे पन्नास ग्रॅम जास्त भरलं तर आईच्या हाताला बरकत म्हणतात, तिकडे तो पीस रिजेक्ट. मी रात्री हॉटेलात बसून आईच्या अनारशांचा कंट्रोल प्लॅन मनातल्या मनात लिहिला: जाळी किती, खसखस एकाच बाजूला की दोन्ही, हसला तर रीवर्क की स्क्रॅप. झोप लागली तेव्हा पुरणपोळीची ड्रॉइंग सुरू झाली होती.

येताना चार रोगाल आणले. शिवाय डोंगरी मेंढपाळांचं धुरावलेलं चीज, ओस्त्सिपेक, दोन्ही टोकांना निमुळतं आणि वर नक्षी. खरं ओस्त्सिपेक मेंढ्या कुरणात असतात त्याच मोसमात करतात, हे मला मागाहून कळलं. मी घेतलं नोव्हेंबरात, तेव्हा बहुधा त्याचा गाईच्या दुधाचा चुलतभाऊच माझ्या गळ्यात मारला गेला. तज्ज्ञ असल्यामुळे मी गप्प राहिलो.

कोल्हापूरहून सासूबाई आलेल्या. वय अठ्ठ्याऐंशी, दात मोजके. त्यांना रोगालचा तुकडा देऊन मी व्याख्यान सुरू केलं. त्यांनी तो चघळला आणि मला मध्येच थांबवलं.

“खसखस हाय की ही. वळिवड्याच्या कॅम्पातली बाई असलंच कायतरी द्यायची.”

“कोण बाई?”

“पोलंडची. आमचा बा दूध घालायचा तितं. जेन दोब्री म्हटलं की हसायची.”

जेन दोब्री, म्हणजे नमस्कार. तिथल्या रिसेप्शनिस्टसमोर हे शब्द धड उच्चारायला मला चार दिवस लागले होते.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. रशियनांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर आली. युद्ध संपलं तेव्हा त्यांतल्या कित्येकांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. परतायचं तरी कुठे? त्या बाईला खसखस कोल्हापूरच्या बाजारात मिळाली असणार, पांढऱ्या रश्श्यात घालतात तीच. पोरीच्या हातावर पाव ठेवताना तिला कुठला नोव्हेंबर आठवत असेल, या विचाराने माझं व्याख्यान घशातच राहिलं.

ती मंडळी गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते हेच. आणि मी तीस वर्षं दर रविवारी पिंपरी कॅम्पात दाल-पकवान खातो. तिथल्या नावात ‘कॅम्प’ का, हे एकदाही विचारलं नाही. पकवान कुरकुरीत नाही, ही तक्रार मात्र गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याकडे दोनदा केली आहे.

“ती बाई पुढं कुठं गेली?” मी विचारलं.

“काय की. एक दिवस दूध परत आलं.” सासूबाईंनी उरलेला रोगालही ओढून घेतला. “तिच्यात साखर बेतानं असायची. ह्यात लई घातलीया, जावईबापू. आन् ते धुराटलेलं लाकूड फ्रीजमधनं काढा, दुधाला वास लागतोय.”