आयत्या बिळावर पिस्तूल

आमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत या वेळी विषय क्रमांक चार असा होता : ‘सर्पसंरक्षणार्थ परवडेल असे पिस्तूल खरेदी करणेबाबत विचारविनिमय करणे.’ पहिले तीन विषय नेहमीचे, म्हणजे मागील सभेचं इतिवृत्त, गच्चीची गळती आणि गळतीबाबतचं मागील इतिवृत्त. उरणला द्रोणागिरी नोडात राहणाऱ्याला गळतीची सवय असते. सापाची नसते. त्यामुळे कधी नव्हे तो पहिल्याच हाकेला कोरम झाला.

‘सर्पसंरक्षणार्थ म्हणजे सापापासून संरक्षण की सापाचं?’ असं एका निवृत्त मास्तरांनी विचारलं. त्यांना खाली बसवण्यात आलं.

झालं होतं असं, की गेल्या मंगळवारी रात्री दिवे गेले. फ्यूज बघायला मीटर रूममध्ये शिरलेले सेक्रेटरी ज्या वेगाने बाहेर आले, तो वेग त्यांच्या एकसष्टीनंतर कोणी पाहिला नव्हता. साप किती लांब होता? मीटर रूमच्या दारात तो चार फुटांचा होता, जिन्यापाशी सहा फुटांचा झाला आणि मी चौकशीला खाली उतरलो तेव्हा नऊ फूट भरला. कुठल्या जातीचा, तर ‘जहाल’.

सेक्रेटरींचे मेहुणे टेक्सासला असतात. तिथे म्हणे माणूस रानात फिरायला निघाला की कमरेला पाण्याची बाटली आणि पिस्तूल अशी दोन्ही लावतो. रॅटलस्नेकसाठी खास बारीक छर्रे भरलेली काडतुसं दुकानात मिळतात. ब्राझीलच्या टॉरस कंपनीचं ‘जज’ नावाचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यात गोळीही चालते आणि छर्ऱ्याचं काडतूसही. ‘जज!’ सेक्रेटरींनी नाव दोनदा उच्चारलं. खटला आपला, निकाल आपला, अपील नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला यापरतं सुख कोणतं? पण आपल्याकडे नेमबाज खेळाडू सोडले तर साध्या नागरिकाला परदेशी हत्यार मागवता येत नाही, हे कळल्यावर ‘जज’चं कामकाज तहकूब झालं.

राहिलं स्वदेशी. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं हवीत म्हणून खजिनदारांनी तक्ताच करून आणला होता. पहिलं ‘निर्भीक’ : बत्तीस बोअर, वजन अर्धा किलोच्या आसपास, कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून आणलं, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. दुसरं ‘निडर’ : बावीस बोअर, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरचं, वजन अवघं पाव किलो, बाजारात आलं तेव्हा किंमत पस्तीस हजारांच्या घरात. तिसरं ‘प्रबल’ : २०२३ मधलं, पन्नास मीटर पल्ल्याचं. सापापासून पन्नास मीटरवर उभं राहायला मिळणार म्हटल्यावर सभेचा कल ‘प्रबल’कडे झुकला. पण मीटर रूम आठ बाय सहाची. पन्नास मीटर मागे सरायचं तर सेक्रेटरींना रस्ता ओलांडून समोरच्या सोसायटीच्या आवारातून नेम धरावा लागला असता, आणि त्या सोसायटीशी आपला पाण्याच्या लाइनीवरून वाद चालू आहे.

शेवटी सर्वांत कमी दराचं म्हणून ‘निडर’ निवडलं. रक्कम सिंकिंग फंडातून. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, परवाना कोणाच्या नावावर?

सोसायटीच्या नावावर लिफ्ट घेता येते, पिस्तूल घेता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे माणसाने स्वतः अर्ज करायचा आणि आपल्या जिवाला धोका आहे हे पटवून द्यायचं. त्यात उरणचा खाक्या न्यारा : सातबारासाठी आम्ही रायगड जिल्ह्यात, म्हणजे साहेब अलिबागला, आणि पोलिसांसाठी नवी मुंबईत, म्हणजे आयुक्त बेलापूरला. तेव्हा अर्ज बेलापूरला. धोका कोणापासून? ‘एक इसम, रंगाने काळपट, उंची सांगता येत नाही कारण उभा राहत नाही, राहणार मीटर रूम.’ धमकी आली आहे का? तोंडी की लेखी? फुत्कार ही तोंडी धमकी धरता येईल, असं आमचे खजिनदार म्हणाले. ते पूर्वी एका कोर्टात शिरस्तेदार होते.

याला दाखला म्हणून सलमान खानचं नाव निघालं. निघणारच होतं. पनवेल काही लांब नाही. डिसेंबर २०२१ मध्ये, छप्पन्नाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, पनवेलजवळच्या त्याच्या फार्महाऊसवर त्याला साप चावला. कामोठ्याच्या रुग्णालयात नेलं, काही तासांनी घरी सोडलं. साप बिनविषारी निघाला. पुढे २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी त्याला बंदुकीचा परवाना दिला. ‘बघा!’ सेक्रेटरी म्हणाले. बघितलं. साप आधी आला, परवाना नंतर आला, एवढं खरं. पण मधे आलेली धमकी माणसांची होती. सापाला त्याने काठीनेच बाहेर काढायचा प्रयत्न केला होता, आणि नंतर साप आणि आपण दोघेही जिवंत असल्याचं पत्रकारांना सांगितलं होतं. ज्याने पडद्यावर एवढी माणसं उडवली, त्याला जे पिस्तूल सापासाठी आठवलं नाही ते आमच्या सेक्रेटरींना आठवलं, हा उरणचा मोठेपणाच.

बरं, परवाना मिळाला असं धरू. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. घरी ते सुरक्षित, कुलपात ठेवीन अशी हमी लागते. म्हणजे साप दिसला की त्याला ‘बसा, आलोच’ म्हणून चौथ्या मजल्यावर जायचं, किल्ली शोधायची (ती वहिनींकडे, वहिनी वाशीला), गोळ्या भरायच्या आणि उतरायचं. लिफ्टचं मी बोलत नाही. दिवे गेलेले आहेत. शिवाय आचारसंहिता. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. हे कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते, रानडुकरांना नि वानरांना धाक म्हणून. २०२४ ची विधानसभा लागली ती ऐन ऑक्टोबरात, भात कापणीला आल्यावर. बंदुका ठाण्यात, डुकरं शेतात. उरणकराला तर नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि वर मावळ लोकसभा इतक्या निवडणुका. सापाने दोन आचारसंहितांच्या मधलाच मुहूर्त धरला तर आपली धडगत.

आणि नेम? सापाचं डोकं काडेपेटीएवढं, तेही हलतं. अंधार, घाम, भुवईवर आलेला चष्मा. लादीवर गोळी आपटली की ती कुठे जाईल हे लादीलाही माहीत नसतं. समोर चोवीस मीटर, बाजूला गॅसची पाइप. गावाच्या एका अंगाला ओएनजीसीचा प्रकल्प, दुसऱ्या अंगाला करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा, मधे बंदर. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळेतल्या मुलांनी काळ्या कपड्यांतली हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं, तर एनएसजीपर्यंत सगळे धावले, शाळा बंद राहिल्या, हेलिकॉप्टरं फिरली. सापडलं कोणी नाही. अशा गावात रात्री साडेअकराला सेक्रेटरींनी एक बार काढला तर सकाळी मीटर रूमला छावणीचं रूप आलेलं दिसेल आणि साप निमूटपणे ओळखपत्र दाखवून बाहेर पडेल.

यावर मागच्या रांगेतून एक दबका आवाज आला, की एवढी कटकट कशाला, त्याहून स्वस्तातलं ‘तसलं’ मिळतं. तसलं म्हणजे गावठी कट्टा. त्याची जाहिरात रोज पेपरात येते, पान पाचवर : ‘गोपनीय बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीवरून सापळा रचून एका इसमास ताब्यात घेण्यात आले, अंगझडतीत एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे मिळून आली.’ मराठी पोलिसी भाषेत काडतूस जिवंत असतं, कट्टा गावठी असतो आणि इसम नेहमी संशयास्पदरीत्या फिरत असतो. या बातमीत साप कधी नसतो. विनापरवाना हत्यार बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं आहे. शिवाय असला कट्टा पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त उडवतो. आवाज पुन्हा आला नाही. मी वळून पाहिलं. आमचे खजिनदार छताकडे बघत होते.

मग मास्तर परत उठले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि नाग, घोणस, धामण यांना त्याचं संरक्षण आहे. प्राण वाचवताना, सद्हेतूने, मारावा लागला तर गुन्हा नाही. पण मीटरमागे दडून बसलेल्याला शोधून काढून मारणं हे प्राण वाचवणं नव्हे. म्हणजे ‘सर्पसंरक्षणार्थ’चा त्यांनी लावलेला दुसरा अर्थच कायद्याला धरून होता. ठरावातला शब्द बदलावा की साप सोडावा, यावर पंधरा मिनिटं गेली.

एवढ्यात वॉचमनदादा चहा घेऊन आले. दादा इथलेच, आगरी. आमचा पार्किंगचा भाग आहे तिथे त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. ते गेलं सिडकोच्या संपादनात, मोबदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा कागद, आणि पुढे त्याच जागेवर रात्रपाळी.

‘सायेब, धामन हाय ती,’ ट्रे ठेवता ठेवता ते म्हणाले. ‘उंदरांच्या मागं आलीय. मिठागर व्हतं तवा बी यायची. तिला वाट ठावी हाय, तुमचं गेट नवं हाय.’

सभेत शांतता पसरली. आपण मराठी माणसं ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतो, वारूळ मुंग्यांचं आणि बसला कोण! इथे बीळ धामणीचं. वर सात मजले चढवून, आयत्या बिळावर आम्ही बसलो, आणि आता बीळवाल्याला घालवायला पिस्तूल मागतोय. खाडी भरली, डोंगर फोडून मुरूम टाकला, २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं, कंटेनरची गोदामं आली, २०२४ मध्ये लोकल आली. गोदामामागे उंदीर आले आणि उंदरांमागे ही. प्रकल्पग्रस्तांसाठी उरण तालुक्यात १९८४ च्या जानेवारीत पाच जणांनी छातीवर गोळ्या झेलल्या तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची वाट निघाली. या भागात गोळी ही गोष्ट गमतीची नाही, हे नवीन आलेल्यांना कोणी सांगत नाही. धामणीकडे तर प्रकल्पग्रस्ताचा दाखलासुद्धा नाही.

दादांनी आणखी एक विषय काढला, जो पत्रिकेवर नव्हता. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक चांगली बॅटरी मागितली होती. साडेचारशे रुपये. कोटेशन एकच आल्यामुळे अर्ज नामंजूर झाला होता.

इथे मी थोडा कडू बोलणार आहे, चालवून घ्या. अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि मरतात जेमतेम पाच. भारतात २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास झाला, त्यात सरासरी वर्षाला ५८ हजार मृत्यूंचा अंदाज निघाला. हा फरक कमरेच्या पिस्तुलाने पडलेला नाही. वेळेत पोचणारी गाडी आणि कपाटात असलेलं औषध यांनी पडला आहे. आपल्याकडचा मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. त्यावर उपाय मच्छरदाणी. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. त्यावर उपाय कान आणि पायात बूट. चावलाच तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, हलायचं नाही, १०८ लावायचा. घोड्याला विष टोचून त्याच्या रक्तातून केलेलं एकच प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. पण सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. आणि उरणहून निघालेल्या गाडीपुढे कंटेनरच्या ट्रेलरची रांग असते. त्या रांगेवर कोणती गोळी चालवायची?

गोळीने काम होतं, नाही असं नाही. आमच्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशावर रक्तदाबाच्या गोळीचा उपाय रूढ केला, माणसं वाचवली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ती गोळी तोंडाने घ्यायची होती. आणि आमच्याकडे सांगतात, की मारुतीने संजीवनीसाठी डोंगर उचलून नेला त्याचा एक तुकडा इथे पडला, तोच करंजाचा द्रोणागिरी. संजीवनी उशाशी घेऊन आम्ही कानपूरचा दर विचारतोय.

सभा साडेदहाला संपली. पिस्तुलाचा विषय पाच जणांच्या उपसमितीकडे गेला. समितीने ‘निडर’ आणि ‘निर्भीक’ यांचा तुलनात्मक अभ्यास करायचा आहे, सेक्रेटरी सोडून, कारण ते दोन्ही नाहीत हे मंगळवारी सिद्ध झालंय. बॅटरीसाठी आणखी दोन कोटेशनं मागवायची ठरली. कचऱ्याच्या डब्यांना झाकणं बसवायचा, म्हणजे उंदरांचा, विषय वेळेअभावी पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांना मीटर रूममध्ये कात सापडली. त्यांनी ती फूटपट्टीने मोजली : साडेपाच फूट. सेक्रेटरींनी ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि परवान्याच्या अर्जाच्या तळाशी लाल शाईने लिहिलं, ‘सोबत : धमकीचा पुरावा, नग एक.’ लांबीच्या रकान्यात मात्र नऊ फूटच आहे.