डबेशोधे दाजी

मोबाइलची रेंज गेली की चारचौघांचे चेहरे पडतात, आमच्या दाजींचा खुलतो. गाडी डोंगराच्या वळणाला लागून फोनवरच्या काड्या एकेक करत गेल्या की दाजी हात चोळतात आणि म्हणतात, "हां, आता मजा!" मागच्या सीटवर ताई डोळे मिटून घेते. आता तासभर तरी आपला नवरा एखाद्या ओंडक्याच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून बसणार, हे तिला ठाऊक असतं.

दाजी मूळचे कऱ्हाडचे, आता सिएटलजवळ स्थायिक. पोटापाण्याचा धंदा संगणकाचा, नाद जिओकॅशिंगचा. कुणीतरी रानात, पुलाखाली, कड्याच्या कपारीत एक डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो हुडकायचा, असा हा खेळ. सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि डबा जिथल्या तिथे ठेवून द्यायचा. "पण मिळतं काय?" असं विचारलं की दाजी दुखावतात.

"मिळतं काय म्हणजे? डबा मिळतो!"

"तो तर परत ठेवता."

"मग? घरी आणू का?"

यावर आपल्याकडे उत्तर नसतं.

दाजींच्या घरी वर्षातले दोन दिवस कडक पाळतात. एक गुढीपाडवा आणि दुसरा ३ मे. २ मे २००० ला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी लहरींत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारं यंत्र एका रात्रीत शहाणं झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली पुरली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याचा सीलबंद डबा ठेवला आणि ठिकाण जाहीर केलं. तिथून हा खेळ सुरू झाला. त्याचं मुख्य कार्यालय सिएटलच्या फ्रीमाँट भागात आहे. भारतातून पाहुणे आले की दाजी त्यांना स्पेस नीडलच्या आधी तिथे नेतात. पाहुणे तिथेही फोटो काढतात, कारण पाहुण्यांना काय, सगळंच सारखं.

खरे दाजी बघायचे तर निघण्याच्या आदल्या रात्री. आजी मृगाच्या आधी सांडगे-पापड भरून ठेवायची, तशी दाजी रेंज नसलेल्या मुलखासाठी बेगमी करतात. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतात. डब्यांची यादी, प्रत्येक डब्याचं वर्णन, आधी आलेल्यांचे शेरे, सगळं वायफाय आहे तोवर साठवून घेतात. शिवाय तेच सगळं कागदावर छापून प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. मग जेवणाच्या टेबलावर सामान मांडलं जातं: पॉवर बँक, डोक्याला बांधायचा दिवा, हातमोजे, काठीच्या टोकाला लावलेला छोटा आरसा आणि चिमटा. करंगळीच्या नखाएवढ्या डबीतली सहीची गुंडाळी बाहेर काढायला चिमटाच लागतो. शेवटी पेन्सिल. पेन नाही, पेन्सिलच. "ओल्या कागदावर पेन दगा देतं," असं दाजी इतक्या गांभीर्याने सांगतात की वाटावं, एखादं पेन त्यांना भर रानात सोडून पळून गेलंय.

डब्यातली वस्तू घेतली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची, अशी रीत आहे. दाजी कोल्हापुरी चपलांच्या किल्लीसाखळ्या ठेवतात. भारतात आले की दर खेपेला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून पिशवीभर नेतात. कॅस्केड पर्वतातल्या शेवाळलेल्या, सदा निथळणाऱ्या झाडांच्या मुळांशी कितीतरी डब्यांत आज इवल्याशा कोल्हापुरी चपला पहुडल्या आहेत. ताईने एकदा सुचवलं, "त्यापेक्षा चिवड्याच्या पुड्या ठेवा." दाजी ओरडले, "खायचं ठेवायचं नसतं! अस्वलं येतात!" ताई म्हणाली, "येऊ देत की, त्यांना तरी माझा चिवडा आवडेल."

नवख्या माणसाने दाजींपुढे एकच वाक्य बोलू नये: "इथे रेंज नाही, मग जीपीएस कसं चालणार?" चालत्या पायवाटेवर तिथल्या तिथे शिकवणी सुरू होते. "अहो मेव्हणे, जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागतो कशाला? वीस हजार किलोमीटरवरून उपग्रह बोलतायत, फोन नुसता ऐकतोय. चारांचं ऐकू आलं की झालं. नेटवर्क असलं तर कुठला उपग्रह कुठे आहे ते त्याला आयतं कळतं. नसलं तर ते उपग्रहांकडूनच सावकाश उतरवून घ्यावं लागतं, एवढाच फरक. म्हणून घाई करायची नाही. आभाळ दाखवायचं त्याला." आणि खरोखरच तळहातावर फोन ठेवून दाजी झाडांच्या फटीतून त्याला आभाळ दाखवत उभे राहतात. "थांबा, यायला लागलेत," म्हणतात, जणू कार्याला पाहुणे यायला लागलेत. त्याआधी सगळ्यांना आपापला फोन एअरप्लेन मोडवर टाकायची आज्ञा झालेली असते, कारण टॉवर हुडकत बसला की फोन बॅटरी खातो. आज्ञा न पाळणाऱ्याला दुपारनंतर पॉवर बँक मिळत नाही.

हा खेळ न खेळणाऱ्या सामान्य माणसांना हे लोक 'मगल' म्हणतात. मगलांच्या देखत डबा काढायचा नाही, असा दंडक. म्हणून कुणी वाटसरू आला की दाजी निरागस दिसण्याचा प्रयत्न करतात. आधी बुटाची नाडी बांधतात. तरी तो जवळ आलाच तर फोन कानाला लावून मोठ्याने बोलतात, "हॅलो? हो हो, बोला!" सबंध दरीत कुणाच्याही फोनला एक काडी नसते. वाटसरू स्वतःच्या फोनकडे बघतो, दाजींकडे बघतो आणि वेग वाढवतो.

एवढी बेगमी करूनही काहीतरी राहतंच. एकदा सगळं उतरवून घेतलं आणि डब्याच्या जागेचा फोटो तेवढा राहिला. खुणेचा हा फोटो दाजी एरवी बघत नाहीत, कारण तो बघणं म्हणजे कॉपी. पण त्या दिवशी झाडं शेकड्यांनी, आणि झाडांखाली फोनचा बाण दहा मीटर इकडून तिकडे नाचत होता. शेवटी दाजी रेंज मिळेल या आशेने समोरची सोंड चढून गेले. वर एक काडी आली. तेवढ्यात कऱ्हाडच्या कुटुंबाच्या ग्रुपवरून आत्याचे गुलाबाच्या फुलांसह सुप्रभाताचे संदेश धडाधड उतरले, बॅटरीचा अर्धा जीव गेला आणि फोटो येण्याआधी काडी गेली. "आत्याने घात केला," एवढंच दाजी उतरताना बोलले. घरी आल्यावर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे 'सापडला नाही' अशी नोंद टाकली. हा कबुलीजबाब ते कधी चुकवत नाहीत.

सिएटलच्या पूर्वेला स्नोक्वाल्मी खिंडीखालून जुन्या रेल्वेचा साडेतीन किलोमीटरहून लांब बोगदा आहे. आता त्यातून माणसं आणि सायकली जातात. पलीकडे एक नामांकित डबा आहे. २००१ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' सिनेमाच्या जाहिरातीसाठी ठेवलेल्या डब्यांपैकी हा एक. २०११ मध्ये तो नाहीसा झाला आणि २०१६ मध्ये पुन्हा सापडला. ही हकिगत दाजी रामायणातल्या सीताहरणासारखी सांगतात. भर उन्हाळ्यात बोगद्यात हुडहुडी भरते. आत रेंज नाही आणि डोक्यावर डोंगर, त्यामुळे उपग्रहही नाहीत. आम्ही त्यातून गेलो तेव्हा दाजी तरी फोन धरून होते.

"दाजी, आपण कुठे आहोत?"

"फोनच्या मते अजून बोगद्याच्या तोंडाशी."

"आणि तुमच्या मते?"

"आतमध्ये," दाजी म्हणाले. फोनच्या विरोधात मत देताना मी त्यांना तेवढंच एकदा ऐकलं.

प्रत्येक डब्याला दोन गुण असतात: शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, दोन्ही एक ते पाच. सवय अशी लागली की दाजी आता सगळ्यालाच गुण देतात. वाण्याकडे नारळ आणायला जाणं, दीड आणि एक. सदाशिव पेठेतल्या मावशींकडे न जेवता निघणं, वाट एक, अवघडपणा पाच.

हिवाळ्यात दाजी कऱ्हाडला येतात तेव्हा सह्याद्रीची वाट धरतात. आपल्याकडे असे डबे तुरळक. कड्यांवर आपटून लहरी उलट्या येतात आणि बाण गरागरा फिरतो. पण खरी अडचण वेगळीच. इथे लपूनछपून काही शोधताच येत नाही. दाजी एका कपारीपाशी वाकले मात्र, "काय हरवलं का, पावनं?" म्हणत एक गुराखी आला. मागून दोन पोरं आली, लाकडाची मोळी उतरवून एक आजी आली, सगळे शोधायला लागले. काय शोधायचं ते कुणी विचारलं नाही. शेवटी दाजींनी नाइलाजाने सांगितलं, "डबा."

"डबा व्हय?" गुराखी म्हणाला. "त्यो तिकडं वरल्या कपारीत हाय. कोण ना कोण येतंया बगाया. आमीच झाकून ठेवतो पावसाळ्याचं."

दाजींचा चेहरा असा उतरला की ताईलाही दया आली. त्यांनी गुराख्याला हात जोडले, त्या कपारीकडे पाठ फिरवली आणि फोनला आभाळ दाखवलं. चार उपग्रह गोळा करून, बाणामागे वळसे घेत, अर्ध्या तासाने ते त्याच कपारीशी पोचले. "सापडला!" म्हणून ओरडले. गुराख्याने, पोरांनी आणि आजीने टाळ्या वाजवल्या. वहीत दाजींनी पेन्सिलीने सही केली आणि खाली गुराख्याचंही नाव लिहिलं.

असा माणूस तुमच्याही नात्यात असेल. डबे नसतील तर पक्षी असतील, किल्ले असतील, जुनी नाणी असतील. त्याला नावं ठेवा, पण अडवू नका. फक्त ताई करते तेवढं एक करा. रेंज नसलेल्या जागी जाणाऱ्याकडून कुठे जाणार, कुठल्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. दिलेली वेळ टळली तर कुणाला फोन करायचा तेही खाली लिहा. उपग्रहाला दाजी कुठे आहेत हे माहीत नसतं. ते घरच्यांनाच माहीत असावं लागतं.