कुणाचं लाईफटाइम?

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी सरळ विचारलं, "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलायचं?" ॲडव्हायझरने स्क्रीनवरून नजर न काढता उत्तर दिलं, "मॅडम, ते लाईफटाइम असतं. त्याला हात लावायचा नसतो." पुढच्याच मिनिटाला एसीची फवारणी, इंजिन कोटिंग आणि बॉडी पॉलिश जॉबकार्डावर चढलं होतं.

कुणाचं लाईफटाइम? गाडीचं, वॉरंटीचं, की पहिल्या मालकाचं? जर्मनीची झेडएफ कंपनी कितीतरी महागड्या गाड्यांना आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. गाड्या विकणारे त्यातल्या ऑइलला लाईफटाइम म्हणत आले. गिअरबॉक्स घडवणारी झेडएफ मात्र सांगते की, वापर बघून ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, नाहीतर ८ वर्षांनी ऑइल बदला. ज्याने घडवलं त्याचं ऐकायचं की ज्याने विकलं त्याचं? माझं ठरलंय.

या ऑइलवर किती कामं लादलेली असतात ते बघा. त्याच्याच दाबाने आतले क्लच आवळले जातात आणि गिअर पडतो. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये त्याच्यातूनच पुढे जाते. शिवाय दातऱ्यांना वंगण द्यायचं, उष्णता वाहून न्यायची आणि त्याच वेळी क्लचच्या प्लेटांना एकमेकींना घट्ट धरूही द्यायचं. घसरूही द्यायचं आणि धरूनही ठेवायचं, हा तोल ऑइलात घातलेली रसायनं सांभाळतात. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी येईपर्यंत यासाठी देवमाशाचं तेल वापरत, इतकं हे काम नाजूक. ही रसायनं उष्णतेने मरतात.

आणि उष्णता कुठे होते? हायवेवर एका वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टर लॉक होतो, तेव्हा ऑइल निवांत असतं. हिंजवडीच्या रस्त्यावर पावलापावलाने सरकताना, किंवा सात माणसं आणि सामान भरून ताम्हिणी चढताना ते आत घुसळून निघतं. गाडीच्या पुस्तकात 'खडतर वापर' असा एक कोपरा असतो. धूळ, ऊन, घाट, सतत थांबत-सुटत चालणं. अहो, पुण्यातल्या माणसाचा हा मंगळवार आहे! त्याने खडतर वापराचाच तक्ता बघायला हवा.

माझी गाडी ९२ हजाराला आली तेव्हा सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना धक्का द्यायला लागली. ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. ड्रेन प्लग सुटला आणि जे मुळात लालभडक असतं ते उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं बाहेर आलं. पॅन उतरवला. त्यातल्या मॅग्नेटवर राखाडी लेप बसलेला. मेकॅनिकने तो बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला, उजेडात धरला आणि म्हणाला, "ताई, लेप आहे, कीस नाही. वेळेत आलात." बारीक लेप म्हणजे नेहमीची झीज. धातूचा कीस निघाला असता तर गोष्ट लाखात गेली असती.

भरणं हे काढण्यापेक्षा अवघड. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते. गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान कंपनीने सांगितलेल्या टप्प्यात, साधारण ४० अंशांच्या आसपास आणायचं आणि मग लेव्हलचा प्लग उघडायचा. जास्तीचं ऑइल धारेने पडतं. धार बारीक होत थेंबांवर आली की प्लग बंद. माझा मेकॅनिक त्या धारेकडे दूध उतू जाण्याची वाट बघावी तसा बघत होता. 'अंदाजाने भरून देतो' म्हणणाऱ्याच्या रॅम्पवर गाडी चढवू नका.

एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. दर वेळी चाळीस टक्के निघालं तर तीनदा बदलल्यावर जुनं जेमतेम पाचवा हिस्सा उरतं. आणि 'कोणतंही लाल चालतं' हे साफ खोटं. लाल हा नुसता ओळखीचा रंग. ऑटोमॅटिकच्या प्रकाराप्रमाणे सीव्हीटीला वेगळं, डीसीटीला वेगळं, एएमटीला वेगळं ऑइल लागतं. डब्यावरचा कोड पुस्तकातल्या कोडशी जुळला पाहिजे.

ऑइल बदललं आणि गिअरबॉक्सच गेला, अशा गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. बहुतेकदा तो गिअरबॉक्स आधीच घसरत असतो आणि शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदललेलं असतं. दोष मात्र नव्या ऑइलावर येतो. आणि मग शेजारचा घाबरून आपल्या चांगल्या गाडीचं ऑइलही बदलत नाही.

त्या दिवशी काउंटरवर मी आणखी एक गोष्ट मागितली होती. म्हटलं, "हे लाईफटाइम आहे, दोन लाख किलोमीटरपर्यंत बदलायची गरज नाही, असं जॉबकार्डावर लिहून सही करा." ॲडव्हायझरने पहिल्यांदा मान वर केली. पेन उचललं, ठेवलं. "मॅनेजरना विचारून येतो," म्हणून आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ऑइल बदलण्याचं कोटेशन होतं.