पुणे ते वाई, उताणे

प्रस्तुत लेखकाच्या सायकलीकडे पाहून चार वर्षांत एकानेही ‘छान आहे’ म्हटलं नाही. पहिला प्रश्न ‘हे काय आहे?’ आणि दुसरा, आवाज खाली आणून, ‘पायाला काही झालंय का?’ इंग्रजीत तिला रिकम्बन्ट म्हणतात. तिच्यावर बसायचं नसतं, रेलायचं असतं. पाठ मागे टेकलेली, पाय पुढे लांब पसरलेले आणि एकंदर थाट जेवणानंतर आरामखुर्चीत पडलेल्या सासऱ्यांचा. मराठीत तिला शब्द नाही. सोसायटीचा वॉचमन ‘पाळणा’ म्हणायचा. समोरच्या काकू ‘ती खाट’ म्हणायच्या आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं, कारण सीट नवारीचं होतं.

लेखकाच्या कमरेतली एक गादी सरकली आणि डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितलं, त्यातून हा उद्योग निघाला. नाना पेठेतल्या एका फॅब्रिकेटरने पुढे लहान मुलांच्या सायकलीचं २० इंची चाक, मागे २६ इंची आणि मधे लोखंडी नळी असा सांगाडा जोडून दिला. पॅडल माणसाच्या पुढे आणि ओढणारं चाक पाठीमागे, म्हणून साखळी लांबच लांब लागते. तीन साखळ्या एकमेकींना जोडून ती पुरवली. ती मधे लोंबू नये म्हणून सरकत्या गेटची नायलॉनची पुली लावली. आरसा जुन्या चेतकचा. मागे सात फुटी फायबरची काठी आणि तिला भगवा झेंडा, कारण सायकल इतकी बुटकी की ट्रकवाल्याला ती दिसायच्या आधी लागेल.

मूळ रचनेत पॅडलची नळी मागेपुढे सरकवून ज्याच्या त्याच्या पायाच्या मापाला लावता येत होती. पण ती खड्ड्यात करकरायची. लेखकाची उंची ५ फूट ११ इंच. त्या मापावर नळी आणून त्याने ती कायमची वेल्ड करून घेतली. “आणि उद्या विकायची झाली तर?” असं फॅब्रिकेटरने विचारलं होतं. लेखक हसला होता.

मग सोसायटीने पार्किंगचे नवे दर लावले. दुचाकीला एक, चारचाकीला एक. समितीच्या बैठकीत पाऊण तास चर्चा होऊन असं ठरलं की, ही वस्तू जागा चारचाकीच्या निम्मी खाते, सबब ती दुचाकी नाही. फलकावर लागलेल्या पत्रकात तिचा उल्लेख ‘सदर प्रकार’ असा होता. म्हणून लेखकाने विकायची जाहिरात दिली. अकरा फोन आले. त्यातल्या तिघांना किलोचा भाव हवा होता. एकाला लग्नाच्या फोटोंसाठी अर्धा दिवस भाड्याने हवी होती. अकरावा फोन वाईच्या एका निवृत्त मास्तरांचा. “जाहिरातीत शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणून फोन केला,” ते म्हणाले. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. “घेऊन या. बघू.”

टेम्पोवाल्याने साडेचार हजार सांगितले. मास्तर आठ हजारांच्या वर जाणार नव्हते. लेखकाच्या बायकोने हिशेब केला आणि म्हणाली, “मग झोपूनच जा की.”

डिसेंबरातल्या एका पहाटे पाच वाजता लेखक झोपून निघाला.

कात्रजच्या जुन्या घाटाचं वर्णन करता येणार नाही, कारण अंधार होता. बोगद्यापलीकडे शिंदेवाडीचा उतार लागला आणि मात्र सायकलीने जात दाखवली. वारा कापायला पुढे ना छाती ना खांदे, नुसते तळवे. मीटरवर ५२ चा आकडा आला तेव्हा लेखकाला, दर उतारावर येते तशी, फ्रान्सिस फोरची आठवण आली. हा फ्रेंच गडी सायकलपटू म्हणून दुय्यम दर्जाचा. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच आडव्या सायकलीवर पडून त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर तोडले. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून कुणाला हलवता आला नव्हता, तो या आडव्या माणसाने मोडला. मग आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ बसला, चर्चा झाली आणि १९३४ मध्ये ठरलं की, ही सायकलच नव्हे! खोगीर कुठे, पॅडल कुठे याची मापं आखून दिली आणि आडव्यांना शर्यतींतून बाहेर काढलं. लेखकाच्या मते त्या महासंघात आणि त्याच्या सोसायटीच्या समितीत फरक एवढाच की महासंघाने पार्किंग आकारलं नाही. आडव्यांनी पुढे आपल्या वेगळ्या स्पर्धा मांडल्या. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात, बॅटल माउंटनच्या सरळसोट रस्त्यावर टॉड राइकर्ट नावाच्या कॅनेडियन माणसाने संपूर्ण कवच घातलेल्या अशा सायकलीवर ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. इंजिन नाही, नुसते पाय. ‘पायाला काही झालंय का’ विचारणाऱ्यांना लेखक हा आकडा तोंडपाठ सांगतो. त्यानंतर ते विचारतात, “मग डोक्याला?”

शिरवळपर्यंत ठीक चाललं. म्हणजे सायकल ठीक चालली. माणसांचं सांगवत नाही. मोटारीतले लोक काच खाली करून मोबाइल बाहेर काढायचे आणि शेजारून त्याच वेगाने चालायचे. एका गाडीने दीड-दोन किलोमीटर असं केलं. मागून ट्रकचा भोंगा वाजत होता, समोरून उलट्या दिशेने दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येत होती, आणि गाडीतला पोरगा ओरडत होता, “काका, जरा हसा ना!” तुम्हाला गंमत दिसते तिथे समोरचा माणूस जीव मुठीत धरून असतो, हे काचेतून दिसत नाही काय? लेखक हसला नाही. त्या चित्रफितीत तो अतिशय खडूस दिसत असणार.

नीरा ओलांडली, सातारा जिल्हा लागला आणि शिरवळला चहावाल्याने झेंडा पाहून हात जोडले. “कुठली दिंडी?” डिसेंबरात दिंडी कसली, पण लेखकाने तोंड उघडायच्या आत मिसळीची बशी पुढे आली. “नवस हाय का?” लेखकाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पैसे घेतले गेले नाहीत. मिसळ चांगली होती.

खंडाळा गेलं आणि अकराच्या सुमारास खंबाटकी समोर उभी राहिली.

साताऱ्याकडून येणाऱ्यांना या डोंगरात बोगदा आहे. त्या दिवशी पुण्याकडून जाणाऱ्याच्या वाट्याला घाटच होता. आता साध्या सायकलीवर चढ आला की माणूस खोगिरावरून उठतो आणि देहाचा सगळा भार पॅडलवर टाकतो. भाराच्या बाबतीत लेखक कुणाला हार जाणारा नाही. पण आडव्या सायकलीवर हा भार जातो नवारीवर. उठायचं म्हटलं तर उठून उभं कशावर राहायचं? राहतात फक्त मांड्या. सर्वांत हलका गिअर टाकायचा आणि दही घुसळल्यासारखे पाय फिरवत बसायचं. त्यातही वेग फार उतरला की पुढचं लहान चाक डावी-उजवीकडे भेलकांडायला लागतं. पहिल्याच वळणावर एका म्हातारबांनी बैलांना ‘हो, हो’ म्हणतात तसं लेखकाला म्हणून पाहिलं. दुसऱ्या वळणावर तो उतरला आणि ढकलू लागला. उभ्या माणसाने ही बुटकी सायकल ढकलायची म्हणजे कमरेत काटकोनात वाकावं लागतं. जिच्यासाठी एवढी यातायात केली, ती कमर तिसऱ्या वळणाला बोलू लागली. म्हणून तो पुन्हा चढून बसला, सगळा जीव एकवटून एक रेटा दिला आणि तीन साखळ्यांपैकी पहिलीचं दुसरीशी असलेलं नातं तुटलं. साखळी रस्त्यावर सापासारखी पडली.

लेखकाने सायकल कडेला कठड्याशी टेकवली. ऊन होतं. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो तिच्यावरच रेलला. डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून तोंडावर रुमाल टाकला. पहाटे साडेतीनला उठलेला माणूस, पोटात मिसळ, पाठीला नवार. त्याचा डोळा लागला.

जाग आली ती बोलण्याने.

“गेला का?”

“पोट हालतंय की.”

“कवाधरनं पडलाय?”

“झेंडा हाय. वारकरी असंल.”

“लांबच्या गावचा दिसतोय. कुणाला तरी कळवाय पायजे.”

रुमालाच्या आतून लेखकाला कळलं की आपल्याविषयी चाललं आहे. अशा वेळी एकदम उठावं तर माणसं घाबरतात आणि पडून राहावं तर चर्चा पुढच्या विधींपर्यंत जाते. त्याने सावकाश रुमाल काढला. भोवती चौदा-पंधरा माणसं. मागे दोन ट्रक उभे. घाटात ट्रक बंद पडला की मांडतात तशी दगडांची रांग कुणीतरी त्याच्यामागे मांडली होती आणि सायकलीच्या कॅरिअरला हिरवी फांदी खोचली होती. हे सगळं त्याला न उठवता, आवाज न करता झालेलं होतं. एका बाईने पायथ्याशी पाण्याची बाटली ठेवली होती, झाकण सैल करून.

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. १०८ला फोन लावणारा क्लीनर अभिमानाने पुढे झाला. तरुण डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला. “बीपी थोडं वाढलंय. कसली काळजी आहे का?”

“सायकल विकायची आहे.”

त्यांनी फॉर्म काढला. नाव, वय झालं. “वाहनाचा प्रकार?” सगळी गर्दी सायकलीकडे पाहू लागली. क्लीनर म्हणाला, सायकल. दुसरा म्हणाला, सायकल अशी असती व्हय? तिसऱ्याने अपंगांची गाडी सुचवली. बाई थोडा वेळ पाहत राहिल्या आणि त्यांनी ‘इतर’वर खूण केली.

क्लीनरने साखळीची कडी दगडावर ठेवून ठोकून बसवली. ट्रक मंचरहून बटाटे घेऊन कराडला चालला होता. सायकल पोत्यांवर आडवी चढवली, लेखक केबिनमध्ये उभ्या पाठीने बसला आणि सुरूरच्या फाट्यापर्यंत घाटाची शोभा पाहत आला. शोभा चांगली आहे. उतरताना त्याने पाकीट काढलं, तर ड्रायव्हर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या पाव्हणं. आडव्या माणसाकडनं पैसं घ्यायची आमच्यात रीत न्हाई.”

वाईत कृष्णेचा घाट आहे, ढोल्या गणपती आहे, आणि मराठी विश्वकोश याच गावात तयार होऊ लागला. लेखक हे सगळं मनातल्या मनात पाहून थेट मास्तरांच्या दारात गेला.

मास्तर बाहेर आले. लेखकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग पॅडलच्या वेल्ड केलेल्या नळीकडे पाहिलं. मास्तरांची उंची पाच फूट दोन इंच असेल.

“बसून बघतो,” ते म्हणाले. बसले. पाय पुढे केले. पॅडल आणि चप्पल यांच्यात वीतभर वाई दिसत होती. कुणी काही बोललं नाही. लेखक नजर चुकवत ओसरीकडे पाहू लागला. तिथे भिंतीला टेकून एक जुनी काळी सायकल उभी होती, तेलपाणी केलेली, चामडी खोगीर झिजून चकचकीत झालेली. ऑपरेशनला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मास्तर तिच्यावर बसले नव्हते. लेखकाने सहज मागच्या टायरवर अंगठा दाबला. टायर दगडासारखा टणक. दोन वर्षं न हललेल्या सायकलीत कुणीतरी नेमाने हवा भरत होतं.

लेखक म्हणाला, “मास्तर, नळी कापून आखूड करून देतो. खर्च माझा.”

“काही नको,” आतून मास्तरांच्या सौभाग्यवती आल्या. हातात बैठकीवरचा लोड. तो त्यांनी मास्तरांच्या पाठीमागे नीट सारला, वरून एक थाप मारली आणि मास्तर वीतभर पुढे आले. चप्पल पॅडलला लागली.

गल्लीत लेखक मागून धरून धावला. पहिल्यांदा डावीकडे गटार, दुसऱ्यांदा उजवीकडे शेळी. तिसऱ्यांदा त्याने हात सोडला आणि ते मास्तरांना कळलं नाही. पन्नासएक पावलांवर जाऊन ते थांबले, पाय जमिनीला टेकवले आणि तसेच रेलून राहिले. लेखक धापा टाकत पोचला. त्याला वाटलं, कमरेत चमक भरली.

“अहो,” मास्तर वर बघत म्हणाले, “हिच्यावरनं आभाळ दिसतं की.”

व्यवहार साडेसात हजारांना झाला. पाचशे लेखकाने लोडाचे कमी केले. पैसे मोजून दिल्यावर मास्तरांनी वही काढली. पावतीवर वस्तूचं नाव हवं होतं आणि त्यात इंग्रजी शब्द त्यांना चालणार नव्हता. दहा मिनिटांनी त्यांनी ‘पहुडसायकल’ असं लिहिलं. “पहुडून चालवायची सायकल. समास ओळखा.” लेखक गप्प. “मध्यमपदलोपी! पुरणपोळीसारखा,” मास्तर म्हणाले आणि सही केली. पॅरिसपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांनी नाकारलेल्या त्या वस्तूला वाईत नाव आणि समास दोन्ही मिळाले.

झेंडा मात्र त्यांनी घेतला नाही. “इथे भगवा लावला की लोक पक्ष विचारतात. नाही लावला तरी विचारतात, पण कमी.” सात फुटी काठी घेऊन लेखक एसटीने स्वारगेटला परतला. शेजारच्या प्रवाशाने शिरवळपर्यंत कळ काढली आणि मग विचारलंच, “कुठली दिंडी?”

तर, विकणे आहे : झेंडा, भगवा, फायबरच्या काठीसह. एका मिसळीखेरीज कोणताही धार्मिक वा राजकीय लाभ घेतलेला नाही. किंमत समक्ष बोलून. कोणत्याही उंचीच्या माणसाला चालेल.