जायकवाडी ते पुंडलिकनगर, चार बाणांत

कार्यालयीन संगणकप्रणालीत ‘इन्सर्ट’च्या पट्टीवर ‘शेप्स’ नावाचे जे दालन आहे, त्यात चौकोन, वर्तुळ, बाण, तारा, गुंडाळी आणि स्फोट अशा तयार आकृत्यांचा साठा असतो. ‘ऑफिस ९७’ या आवृत्तीत तो ‘ऑटोशेप्स’ या नावाने होता, आणि २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने त्याची ओळख महाराष्ट्रभर, ज्यांना पुढे आयुष्यात एकही सादरीकरण करावे लागले नाही त्यांनाही, करून दिली. आकृतीचे काम मजकुरातील नाते डोळ्यांना दाखविण्याचे असते. जिथे नाते नसते तिथेही ती तितक्याच आत्मविश्वासाने दाखविते, ही तिची मुख्य अडचण होय.

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी ‘शहराचा पाणीपुरवठा’ हा विषय घेतला, असे समजावे. पैठणचे जायकवाडी धरण, फारोळ्याचे जलशुद्धीकरण केंद्र, नक्षत्रवाडी, पुंडलिकनगरचा जलकुंभ आणि घरचा नळ असे पाच चौकोन काढून त्यांच्यामध्ये चार बाण टाकले की पैठणचे पाणी दोन मिनिटांत नळाला येते, आणि वाटेत ना जलवाहिनी फुटते, ना वीज जाते. अशा क्रमदर्शक आकृतीला प्रवाहतक्ता म्हणतात. कामाचे टप्पे चिन्हांनी मांडण्याची ही पद्धत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांपुढे ठेवली होती. आज रूढ असलेल्या संकेतानुसार चौकोन म्हणजे कृती आणि शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट म्हणजे निर्णय, जिच्यातून ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन वाटा फुटतात. विद्यार्थ्याने या चौकटीत ‘आज पाण्याचा दिवस आहे का?’ असे लिहिले, तर ‘हो’चा बाण मोटार लावण्याकडे जाईल आणि ‘नाही’चा बाण वळसा घेऊन पुन्हा त्याच प्रश्नापाशी येईल. रोज नळ न येणाऱ्या शहरात साऱ्या तक्त्यातील सर्वांत प्रामाणिक रेषा हीच ठरते, आणि परीक्षक नेमकी तीच खोडतात.

बाणांतही दोन जाती आहेत, आणि त्यांतील भेद कळला की निम्मे काम झाले. साधा बाण कागदावर नुसता टेकलेला असतो, तर ‘कनेक्टर’ म्हणजे जोडबाण हा चौकोनाच्या कडेवरील ठिपक्याला चिकटतो आणि चौकोन हलविला की त्याच्यामागे जातो. साध्या बाणांनी सजविलेल्या तक्त्यात सरांनी ‘जलकुंभ जरा डावीकडे घ्या’ असे म्हटले की जलकुंभ सरकतो, बाण मात्र जागीच राहून मोकळ्या आभाळाकडे बोट दाखवितो. पाणी तिथूनच येते, हा विद्यार्थ्याचा बचाव भूगोलाच्या तासाला चालला असता.

‘स्मार्टआर्ट’ या २००७ च्या आवृत्तीतील सोयीने अनर्थ अधिक सोपा केला. यादी निवडून चक्राकार रचनेवर टिचकी मारली की शेवटचा मुद्दा आपोआप पहिल्याला जाऊन मिळतो, म्हणजे पुंडलिकनगरच्या नळातून पाणी थेट जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात परत जाते. चक्र काढणारा केवळ शोभेचा विचार करीत असतो. ते पाहणारा मात्र परतीच्या जलवाहिनीचा खर्च विचारू लागतो.

उरलेल्या आकृत्यांविषयी फार लिहावे असे नाही. गुंडाळी ही मानपत्र आणि सुविचार यांच्या कामाची. स्फोटाची आकृती शिकवणीच्या पत्रकावर ‘प्रवेश सुरू’ लिहिण्यापुरती ठीक असते. प्रबंधाचा निष्कर्ष तिच्यात लिहिल्यास तो वाचण्याआधीच फुटलेला दिसतो. ‘शिफ्ट’ची कळ दाबून ओढल्यास वर्तुळ खरोखर गोल येते, ती न दाबता काढलेल्या वर्तुळांमुळे अनेक जलकुंभ बटाट्याच्या घाटाचे झाले आहेत. एका आकृतीतून दुसरी कोरून काढणारी ‘सबट्रॅक्ट’ ही आज्ञाही आता मिळते. वेरूळच्या कारागिरांनी आठव्या शतकात कैलास लेणे याच रीतीने खडकातून वजा केले. फरक इतकाच, की त्यांच्यापाशी ‘अनडू’ नव्हते.

चौकोनांत भरलेला गडद निळा रंग पडद्यावर भारदस्त वाटत असला, तरी कोपऱ्यावरच्या झेरॉक्स यंत्रातून तो काळाकुट्ट होऊन निघतो आणि आतली अक्षरे गिळून टाकतो. तेव्हा प्रत झेरॉक्सला देण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी सर्व आकृत्यांना ‘नो फिल’ द्यावे, आणि जलकुंभ एकदा मुद्दाम हलवून बाण त्याच्यामागे येतो की नाही, हे पाहून घ्यावे.