कोलकात्याच्या मेट्रो गल्लीतल्या एका कॅमेरावाल्यास

दादा,

आमच्या मजल्यावरच्या मुलीनं शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे तुमच्या काउंटरवर ठेवले, तेव्हा तिनं एकच गोष्ट विचारली होती. कुमारटुलीत मूर्ती घडवणाऱ्यांचे फोटो काढायचेत, काय घेऊ? तुम्ही तिला उत्तर दिलं नाहीत, सामान दिलंत. निकॉनची डी३५०० बॉडी, दोन झूम लेन्स, फ्लॅश, उभा राहताना लटपटणारा ट्रायपॉड, फिल्टर, बॅग आणि वर एका पेनड्राइव्हमध्ये ‘फुल फोटोशॉप’. गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत बॅगेची चेन ओढलेली असते, ही तुमच्या हाताची सफाई मला मान्य आहे. म्हणून तर हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

त्या गल्लीत सगळेच तुमच्यासारखे नाहीत. मेट्रो सिनेमाच्या बाजूच्या त्या चिंचोळ्या वाटेत लेन्स खोलून, पुसून, पुन्हा जुळवून देणारे कारागीर बसतात, आणि ‘हे तुम्हाला नको’ असं तोंडावर सांगणारे दुकानदारही. त्यांच्या शेजारी बसून तुम्ही हे करता, याचा मला जास्त राग येतो.

बॉडीबद्दल माझी तक्रार नाही. डी३५०० जुनी झाली, कंपनीनं ती बनवणं थांबवलं, तरी शिकणाऱ्याला ती पुरून उरते. तक्रार आहे ती तुम्ही न सांगितलेल्या गोष्टींची. कुमारटुलीतल्या शेडमध्ये दिवसासुद्धा अंधार असतो. बांबूच्या आणि ताडपत्रीच्या फटींतून येईल तेवढाच उजेड. तुमची १८-५५ची झूम ५५वर नेली की तिचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. ५० एमएमची साधी एफ १.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दुसरी झूम, फ्लॅश आणि ट्रायपॉड यांच्या किमतीत ती सहज बसली असती. फोटो काळे येतात म्हणून मुलगी परत आली, तर तुम्ही म्हणालात, फ्लॅश मारा. ओल्या मातीवर समोरून फ्लॅश मारला की बोटांचे ठसे, पेंढ्याचा पोत, सगळं सपाट होतं. जे टिपायला ती तिथे जाते, तेच नाहीसं होतं.

तिनं ५० एमएमचा हट्ट धरला, तेव्हा तुम्ही तिला निकॉनची १.८डी विकलीत. हे मात्र मी माफ करणार नाही. या डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते, आणि निकॉनच्या तीन हजारी किंवा पाच हजारी मालिकेतल्या बॉडीत ती नाही. त्यामुळे तिच्या कॅमेऱ्यावर या लेन्सला ऑटोफोकस नाही. मोटर असलेली १.८जी घेतली असती तर तो मिळाला असता. तिला वाटलं, लेन्स बिघडलीय. मग वाटलं, आपल्याला जमत नाही. ज्या दिवशी शिकणारा माणूस ‘आपल्याला जमत नाही’ म्हणतो, त्या दिवशी कॅमेरा कपाटात जातो आणि बहुतेक वेळा तिथून बाहेर येत नाही. तुमच्या वहीत तो एक माल खपलेला असतो, बस्स.

मेगापिक्सेलचा तुमचा जपही ऐकला. मोबाइलमध्ये ५० असतात, यात २४च आहेत, तर वरचं मॉडेल बघा! एफोर कागदावर ३०० डीपीआयनं उत्तम प्रिंट काढायला ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत. २४मध्ये १२ बाय १८ इंची प्रिंट निघते आणि वर पिक्सेल उरतात. आकड्यापेक्षा सेन्सरचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. खिशातल्या स्वस्त कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. डी३५००चा एपीएस-सी सेन्सर त्याच्या तेरापट. अंधारात फरक पडतो तो इथे. हे समजावायला दोन मिनिटं लागतात.

तुम्ही ज्या शहरात दुकान मांडलंय, त्या शहरात छायाचित्रकार निमाई घोष होऊन गेले. मुळात नाटकातला नट. एका मित्रानं त्यांच्याकडून दोनशे चाळीस रुपये घेतले होते, त्या मित्राच्या हाती टॅक्सीत कुणी विसरलेला कॅनोनेट क्यूएल१७ आला, आणि उसन्या पैशांच्या बदल्यात तो घोषांकडे आला, अशी हकीकत ते स्वतः सांगत. त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नव्हती. तो घेऊन ते रामपूरहाटला सत्यजित राय यांच्या ‘गुपी गायेन बाघा बायेन’च्या शूटिंगला गेले, आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षं राय यांच्या कामाचे फोटो काढत राहिले. आहे तो उजेड, फ्लॅश नाही. २०१० साली पद्मश्री, २०२० साली निधन. डबल झूम किट त्यांच्याकडे नव्हतं. नव्या माणसाला एक बॉडी आणि एक लेन्स देऊन वर्षभर फिरायला सांगणं हा अपमान नाही, तीच खरी शाळा आहे.

आता ती फुकटची बॅग. ‘यातच ठेवा, सुरक्षित राहील,’ असं तुम्ही सांगितलंत. दादा, हे कोलकाता आहे! पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. फोमच्या अस्तराची बंद बॅग कपाटात ठेवली की लेन्सच्या काचेवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, आणि वेळेत साफ केली नाही तर कोटिंग खाऊन टाकते. उपाय फार महाग नाही. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल, आत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५०च्या दरम्यान ठेवायचा, जेलनं रंग बदलला की वाळवून परत ठेवायचं. तुमच्या स्वतःच्या काचेच्या कपाटात जेलच्या पुड्या आहेत, मी पाहिल्यात. म्हणजे माहीत तुम्हाला आहे.

पेनड्राइव्हवरचं चोरीचं फोटोशॉप तुम्ही ‘आपल्यातर्फे’ म्हणून दिलंत आणि नंतर ‘इन्स्टॉलेशन’चे पैसे लावलेत. असल्या क्रॅकबरोबर व्हायरसही येतो. २०१३पासून अडोबीनं नव्या फोटोशॉपसाठी वर्गणीची पद्धत आणली. हौशी माणसाला ती परवडेलच असं नाही, हे खरं. पण तिला त्याची गरजच नव्हती. रॉ फाइल उघडायला, उजेड आणि रंग सुधारायला निकॉन स्वतःचं एनएक्स स्टुडिओ फुकट देतं. कॅनन डिजिटल फोटो प्रोफेशनल देतं. त्यापुढे जायचं तर डार्कटेबल आणि रॉथेरपी आहेत, चित्रावर थर चढवायचे तर गिंप. सगळी मोफत, सगळी कायदेशीर. फोनवर स्नॅपसीड आहे. डार्कटेबल पहिले काही दिवस डोकं खातं. एनएक्स स्टुडिओपासून सुरुवात करणं बरं. आणि सॉफ्टवेअर कुठलंही असो, आधी कॅमेऱ्यात रॉ चालू करायला शिकवावं लागतं. तिचा कॅमेरा अजून जेपीजीवरच होता.

बिलाचं विचारलं, तर तुम्ही तिला सांगितलंत, बिल नको, टॅक्स वाचेल. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९पासून २८चा १८ टक्के झाला. त्या १८ टक्क्यांबरोबर कंपनीची भारतातली वॉरंटीही गेली, हे तुम्ही बोलला नाहीत. बिलाशिवाय सर्व्हिस सेंटरच्या दारात उभं राहणारा माणूस काय ऐकतो, ते तुम्हाला ऐकावं लागत नाही.

तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर बोर्न अँड शेपर्डचा स्टुडिओ होता. एकोणिसाव्या शतकातला. १९९१च्या आगीत त्याच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला, तरी तो चालू राहिला, आणि २०१६ साली बंद झाला. या शहरात छायाचित्रणाची आवड फार जुनी आहे आणि ती पुढच्या पिढीकडे दुकानाच्या काउंटरवरूनच जाते. तिथे तुम्ही उभे आहात.

म्हणून मागणं एवढंच. ती १.८डी परत घ्या, तिला १.८जी द्या, वरचा फरक ती भरेल, मी विचारून ठेवलंय. फ्लॅश आणि ट्रायपॉड परत घ्या. बिल फाडा. महालयेच्या आधी करा, कारण त्या दिवशी कुमारटुलीत देवीचे डोळे रंगवतात आणि तिला तिथे जायचं आहे.